जॉर्जियन सिनेमा पाहायचाय? मग टेबलाकडे लक्ष ठेवा

१९४५ साल. सोव्हिएत फौज जर्मनीत शिरली आहे. वाटेत एक द्राक्षमळा लागतो आणि रणगाड्यावरचा तरुण पोरगा रणगाडा सरळ वेलींवर घालायला निघतो. त्याच फौजेतला एक म्हातारा शिपाई धावत आडवा येतो, पोराला खाली ओढतो, त्याच्यावर हात उचलतो. म्हातारा मूळचा काखेतीचा, म्हणजे पूर्व जॉर्जियातला द्राक्षबागायतदार. जखमी मुलाला भेटायला म्हणून घर सोडलं आणि मुलाच्या मागे मागे जात थेट आघाडीवर पोचला. वेल शत्रूची असू शकते हे त्याच्या मनाला पटतच नाही. आपल्याकडच्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हा प्रसंग कुणी समजावून सांगायची गरज नाही.

हा १९६४ चा 'सैनिकाचा बाप'. दिग्दर्शक रेझो च्खेइद्झे, म्हाताऱ्याच्या भूमिकेत सेर्गो झकारियाद्झे. जॉर्जियन सिनेमा कुठून सुरू करू असं विचारणाऱ्याला मी याच सिनेमाचं नाव सांगतो. या देशाच्या सिनेमातल्या बऱ्याच गोष्टी त्या वेलीपाशी एकत्र येतात: माती, द्राक्ष, आणि वरून आलेल्या हुकमापेक्षा जुनी असलेली माणसाची रीत. ही रीत पडद्यावर सर्वांत स्पष्ट दिसते ती जेवणाच्या टेबलावर. म्हणून सगळ्या लेखाचं सूत्र आधीच सांगून टाकतो. जॉर्जियन सिनेमा पाहताना कथानकाच्या मागे धावू नका. टेबलाशी कोण बसलंय, कोण गातंय आणि कोण उठून गेलंय, ते बघा.

पहिली पायरी: अर्ध्या तासाची पूर्वतयारी

नकाशा उघडा. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या मध्ये, तुर्कस्तानच्या ईशान्येला हा देश आहे. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत. राजधानी त्बिलिसी. लोक स्वतःच्या देशाला 'साकार्तवेलो' म्हणतात. लिपी स्वतंत्र आहे, तेहतीस गोलसर अक्षरांची, आणि ती ना रशियनसारखी दिसते ना लॅटिनसारखी. नकाशावर चार ठिकाणं शोधून ठेवा: पूर्वेचं काखेती, उत्तरेच्या उंच डोंगरातलं स्वानेती, पश्चिमेचं कुताइसी शहर आणि वायव्येचा अबखाझिया. सिनेमे पुन्हा पुन्हा तिथेच जातात.

मग चार तारखा. १९१८ साली स्वातंत्र्य. १९२१ मध्ये लाल सेनेचा कब्जा. १९९१ मध्ये पुन्हा स्वातंत्र्य, आणि त्याच्या पाठोपाठ राजधानीत गोळीबार, अबखाझियात युद्ध, वीज आणि पाव यांची टंचाई. २००८ च्या ऑगस्टमध्ये रशियाशी युद्ध. स्टालिन याच देशातल्या गोरी गावचा, हेही लक्षात असू द्या. आपल्याच माणसाने केलेला जुलूम हा जॉर्जियन दिग्दर्शकांचा खोल घाव आहे.

नावांनी घाबरू नका. आडनावाच्या शेवटी 'श्विली' असेल तर अर्थ 'मूल', 'द्झे' असेल तर 'पुत्र'. एवढ्यावर निम्मी श्रेयनामावली वाचता येते. मिखाइल कलातोझोव हे नाव रशियन वाटतं, पण तो मूळचा कलातोझिश्विली. 'उडती बगळी' या त्याच्या सिनेमाला १९५८ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आणि एक गंमत आपल्या कानांसाठी: जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. 'सैनिकाचा बाप' मूळ भाषेत 'जरिस्कात्सिस मामा' आहे.

दुसरी पायरी: प्रत नीट निवडा

ही पायरी लोक वगळतात आणि मग म्हणतात, 'काही भिडलं नाही बुवा.' सोव्हिएत काळात जॉर्जियन सिनेमे बाकीच्या संघराज्यात रशियन डबिंग करून दाखवले जात. आजही इंटरनेटवर त्यांतल्या पुष्कळ प्रती रशियन आवाजाच्याच सापडतात. कधी तर मूळ संवाद मागे बारीक चालू असतात आणि वरून एकच पुरुष सगळ्यांचे संवाद वाचत जातो. अशा प्रतीत गाणं, कुजबुज आणि टेबलावरचा गलका, सगळंच बुडतं.

ओळखायचं कसं? पहिली पाच मिनिटं ऐका. होकाराला 'दा' आणि नकाराला 'न्येत' ऐकू आलं तर ती रशियन प्रत. 'आरा' म्हणजे नाही, 'हो' किंवा 'की' म्हणजे होय आणि भेटल्यावर 'गामार्जोबा' असं ऐकू आलं तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. त्यांचा 'हो' अगदी आपल्यासारखाच आहे. 'गामार्जोबा' हा त्यांचा नमस्कार आणि त्याच्या मुळाशी विजय हा शब्द आहे. शतकानुशतकं स्वाऱ्या झेललेल्या मुलखात भेटीचा शब्द असा का झाला असेल, त्याचा अंदाज येतो.

एक अपवाद ध्यानात ठेवा. 'सैनिकाचा बाप'मध्ये म्हातारा मोडकंतोडकं रशियन बोलतो आणि रशियन शिपाई रशियन बोलतात. तिथे रशियन ऐकू येणं कथेचाच भाग आहे.

तिसरी पायरी: टेबलाची रीत समजून घ्या

जॉर्जियन मेजवानीला 'सुप्रा' म्हणतात. खाणं भरपूर असतंच, पण तिचा कणा आहे बोलणं. टेबलाचा एक प्रमुख असतो, 'तमादा'. तो उठून कशासाठी प्यायचं ते सांगतो: शांततेसाठी, देशासाठी, गेलेल्यांसाठी, मुलांसाठी, घरच्या यजमानासाठी. प्रत्येक वेळी छोटं भाषण होतं. त्याने 'अलावेर्दी' म्हणत कुणाचं नाव घेतलं की तोच धागा त्या माणसाने पुढे न्यायचा. शेवटी सगळे म्हणतात 'गाउमार्जोस'. तमादाने सांगितल्याशिवाय आपल्या मनाने पीत सुटणं असभ्य समजतात. पंगतीत श्लोक म्हणायची पाळी आपल्यावर येणार म्हणून लहानपणी पाठांतर केलेल्या पिढीला यातली धाकधूक लगेच कळेल.

मग गाणं. जॉर्जियन लोकगायन तीन आवाजांचं असतं. तिघे तीन वेगळ्या ओळी एकाच वेळी गातात आणि त्यांची वीण बसते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या सोन्याच्या तबकडीवर 'चाक्रुलो' नावाचं असंच एक जॉर्जियन गाणं आहे. सिनेमात माणसं एकत्र गाऊ लागली की संवाद संपले समजू नका. कोण कुणाच्या आवाजाला आवाज देतं आणि कोण गप्प बसतं, यातून त्यांची नाती उघड होतात, आणि सबटायटलमध्ये यातलं काहीच येत नाही.

द्राक्षाच्या दारूचंही तसंच. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणात, 'क्वेव्री'त, ती मुरवतात. युनेस्कोने २०१३ साली ही पद्धत मानवाच्या वारशात नोंदवली. ती मुरायला वेळ लागतो, आणि पुढच्या पायरीतला पहिला सिनेमा त्या वेळेचाच आहे.

चौथी पायरी: इओसेलियानीचे दोन सिनेमे, लागोपाठच्या दोन संध्याकाळी

ओतार इओसेलियानी २०२३ च्या डिसेंबरात गेला. त्याचे दोन सिनेमे नीट पाहिले तर बाकीच्यांचं कुलूप उघडतं.

पहिल्या संध्याकाळी 'गिओर्गोबिस्त्वे' (१९६६). जगभर तो 'पानगळ' या अर्थाच्या नावाने दाखवला जातो, पण मूळ शब्द नोव्हेंबरचं जुनं जॉर्जियन नाव आहे, संत गिओर्गीचा महिना. सुरुवातीला खेड्यातली द्राक्षतोडणी आहे, अगदी माहितीपटासारखी. माणसं टोपल्या वाहतात, द्राक्षं तुडवतात, जेवायला बसतात. या भागात घाई करू नका, इथे तुम्हाला मोजपट्टी हातात दिली जाते. पुढे निको नावाचा भिडस्त तरुण शहरातल्या दारूच्या कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागतो. एका पिंपातली दारू मुरलेली नाही, पण योजनेचा आकडा गाठायचाय म्हणून ती बाटल्यांत भरा, असं वरून येतं. निको भाषण करत नाही, मोर्चा काढत नाही. त्याला फक्त ती बाटल्यांत भरवत नाही. सगळी ठिणगी एवढीच. पण सुरुवातीची तोडणी डोळ्यांपुढे असल्यामुळे आपल्याला कळतं की हा पोरगा नियमाशी भांडत नाहीये, आजोबांच्या टेबलाची अब्रू राखतोय.

दुसऱ्या संध्याकाळी 'एक होता गाणारा कस्तूर' (१९७०). गिया त्बिलिसीच्या ऑपेराच्या वाद्यवृंदात नगारे वाजवतो. त्याच्या वाट्याला सुरुवातीचे आणि शेवटचे थोडेसेच ठोके. मधल्या वेळात तो शहरभर पळतो: मित्रांकडे, वाढदिवसांना, मैत्रिणींकडे, आजारी माणसाकडे. मग शेवटच्या क्षणी धापा टाकत येतो, काठ्या उचलतो आणि बरोबर मात्रेवर ठोका देतो. संगीतरचना करायचं त्याच्या मनात आहे, पण टेबलाशी बसला की फुरसत कुठली? घड्याळजीच्या दुकानात टोपी अडकवायला तो एक खुंटी ठोकून देतो, तो क्षण निसटू देऊ नका. सिनेमा संपल्यावर मनात तीच खुंटी राहते. गियाने आयुष्य वाया घालवलं की वाटून टाकलं? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, पण इथे चित्रमंडळात दोन तट पडले तर खुशाल पडू द्या.

याच आठवड्यात जमलं तर गिओर्गी शेंगेलायाचा 'पिरोस्मानी' (१९६९) घ्या. निको पिरोस्मानी हा त्बिलिसीचा चित्रकार १९१८ साली दारिद्र्यात मेला. काळ्या मेणकापडावर तो खानावळींसाठी चित्रं आणि पाट्या रंगवायचा. बदल्यात जेवण आणि दारू. त्याच्या चित्रांतली माणसं मेजवानीला बसून समोर टक लावून पाहतात. दिग्दर्शकाने सिनेमाच्या चौकटीही तशाच सपाट, समोरून, निश्चल ठेवल्या आहेत. नायकाचं काम करणारा अवतांदिल वाराझी स्वतः चित्रकार होता. सिनेमाआधी पिरोस्मानीची दहा-बारा चित्रं पाहून घ्या. सगळ्यांची टेबलं रंगवणाऱ्या या माणसाला कुठल्याच टेबलाशी आपली जागा नसते, ते मग जास्त लागतं.

पाचवी पायरी: मूकपटांकडे मागे जा

मूकपटांनी सुरुवात केली तर नवखा माणूस दमतो, म्हणून ते मी मुद्दाम इथे ठेवले आहेत.

कोते मिकाबेरिद्झेचा 'माझी आजी' (१९२९) तासाभराचा आहे. नोकरी गेलेला एक कारकून नव्या नोकरीसाठी 'आजी' शोधतो. त्या काळच्या बोलीत आजी म्हणजे शिफारस करणारा बडा माणूस. आपल्या भाषेत सिनेमाचं नाव 'वशिला' ठेवता आलं असतं. त्यात बाहुल्या हलतात, फर्निचर वेडंवाकडं होतं, लांबलचक टेबलाशी बसलेले साहेब खेळण्यांशी खेळतात. नोकरशाहीची ही टर सरकारला सोसली नाही आणि सिनेमा अनेक दशकं कुलपात गेला.

कलातोझोवचा 'स्वानेतीचं मीठ' (१९३०) याहून कठोर आहे. उश्गुली हे डोंगरातलं दगडी बुरुजांचं गाव बर्फाने जगापासून तुटलेलं, आणि तिथे मीठ नाही. जनावरं माणसाचा घाम चाटतात. बाळ गमावलेली आई आपलं दूध त्याच्या थडग्यावर पिळते, ते दृश्य पाहिल्यावर कितीतरी वेळ बोलवत नाही. शेवटी रस्ता बांधणारे सोव्हिएत लोक येतात आणि सगळं ठीक होणार अशी ग्वाही मिळते. हा शेवट प्रचाराचा आहे हे जाणून पाहा, पण आधीच्या प्रतिमा त्याने बाद होत नाहीत.

मिखाइल चिआउरेलीचे स्टालिनची आरती करणारे 'शपथ' (१९४६) आणि 'बर्लिनचा पाडाव' (१९५०) मात्र सुरुवातीला सोडून द्या. अभ्यास करायचा असेल तेव्हा बघा.

इथेच एका आई-मुलीची गोष्ट सांगायला हवी. नुत्सा गोगोबेरिद्झे ही जॉर्जियाची पहिली स्त्री-दिग्दर्शक. तिने १९३० मध्ये 'बुबा' आणि नंतर 'उझमुरी' केला. स्टालिनच्या १९३७ च्या दमनात नवऱ्याला गोळी घातली गेली, तिला छावणीत पाठवलं गेलं, सिनेमे नाहीसे झाले. मुलगी लाना मोठी होऊन स्वतः दिग्दर्शक झाली आणि १९७८ मध्ये तिने 'काही खासगी मुलाखती' केला. त्यातली सोफिको नावाची पत्रकार बायकांच्या मुलाखती घेत फिरते आणि तिचं स्वतःचं घर हातातून सुटत जातं. मधेच आठवण येते ती छावणीतून परतलेल्या आईची. आई दारात उभी आहे आणि मुलीला ती परकी वाटते आहे. सोव्हिएत पडद्यावर ही गोष्ट तेव्हा कुणी अशी उघड सांगत नव्हतं. नुत्साचे हरवलेले सिनेमे शेवटी या शतकात सापडले. लानाचा सिनेमा आधी पाहा आणि 'बुबा' नंतर.

सहावी पायरी: न बोलता बोललेलं ऐका

सेन्सॉरच्या काळात जॉर्जियन दिग्दर्शकांनी रूपकाची वाट धरली. सोपं उदाहरण एल्दार शेंगेलायाचं 'निळे डोंगर' (१९८३). लेखक सोसो आपलं हस्तलिखित घेऊन प्रकाशनसंस्थेत येतो. सगळे त्याचं प्रेमाने स्वागत करतात आणि वाचत कोणी नाही. ऋतू बदलतात, तेच जिने, तीच उत्तरं. भिंतीला तडा गेलाय. ग्रीनलँडचं एक मोठं चित्र डोक्यावर पडेल अशी तक्रार एकजण सारखी करतोय. तो तडा प्रत्येक ऋतूत कुठवर आला तेवढं पाहत राहा. फाइल घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरलेल्या कोणालाही वेगळी तयारी लागणार नाही.

आणि मग 'मोनानिएबा', म्हणजे 'पश्चात्ताप'. तेंगिझ अबुलाद्झेच्या तीन सिनेमांच्या मालिकेतला हा शेवटचा. आधीचे दोन, 'विनवणी' (१९६७) आणि 'इच्छावृक्ष' (१९७६), नंतर पाहिले तरी चालतील. 'पश्चात्ताप' १९८४ मध्ये तयार झाला, अडकून पडला आणि १९८७ मध्ये लोकांसमोर आला. त्याच वर्षी कानमध्ये त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. अडीच तासांचा आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी लावा.

गावाचा थोर नगराध्यक्ष वार्लाम मरतो. त्याला पुरतात, आणि सकाळी प्रेत घराच्या अंगणात उभं. पुन्हा पुरतात, पुन्हा तेच. उकरणारी बाई सापडते: केतेवान. जोवर मी जिवंत आहे तोवर याला मातीत स्वस्थ पडू देणार नाही, असं ती न्यायालयात सांगते आणि मग आपल्या आईबापांचं काय झालं ते उलगडू लागते. वार्लामचं आडनाव अराविद्झे. 'अरावीन' म्हणजे कोणीच नाही, म्हणजे हा 'कोणाचाच नव्हे' त्याचा पुत्र. मिशी हिटलरची, चष्मा स्टालिनचा गुप्त पोलीसप्रमुख बेरियाचा, काळा सदरा मुसोलिनीचा. बाप वार्लाम आणि मुलगा आबेल या दोन्ही भूमिका अवतांदिल माखाराद्झेने केल्या आहेत, तेही उगाच नाही.

एक दृश्य जवळून पाहा. कैद्यांनी तोडलेले लाकडाचे ओंडके रेल्वेने आलेत, आणि त्यांच्या कापलेल्या तोंडांवर त्यांनी आपली नावं कोरली आहेत अशी बातमी येते. छोटी केतेवान आणि तिची आई चिखलात ओंडक्यामागून ओंडका शोधत जातात. एका बाईला नाव सापडतं, ती लाकडाला गाल लावते, त्याच्याशी बोलते. या दोघींना नाव सापडत नाही. या दृश्याला पाश्चात्त्य ऑपेराएवढा मोठा आवाज देता आला असता. अबुलाद्झेने तो दिलेला नाही.

केतेवान केक बनवते, आणि त्या केकवर साखरेची चर्चं असतात. खरं चर्च उद्ध्वस्त झालेलं असतं. अखेरीस एक म्हातारी खिडकीशी येऊन विचारते, हा रस्ता चर्चकडे जातो का? म्हातारी झालेल्या वेरिको अंजापारिद्झेने हा मिनिटाभराचा प्रसंग असा केला आहे की त्यानंतर तो प्रश्न देशभर लोकांच्या तोंडी झाला.

केतेवान या नावाचा एक धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो. याच नावाची एक जॉर्जियन राणी १६२४ मध्ये शिराझला धर्मासाठी हाल सोसून मेली. पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष जुन्या गोव्याला आणले. संत ऑगस्टिनच्या पडक्या मठात ते सापडले, डीएनए तपासणी झाली आणि जुलै २०२१ मध्ये भारताने ते समारंभपूर्वक जॉर्जियाला दिले. सिनेमातल्या बाईचं नाव केतेवान ऐकून जॉर्जियन प्रेक्षकाच्या मनात काय हललं असेल, ते यानंतर आपल्यालाही थोडं कळतं.

सातवी पायरी: स्वातंत्र्यानंतरच्या बायका

१९९० च्या दशकात पैसे संपले, थिएटरं बंद पडली, चित्रनिर्मिती जवळजवळ थांबली. पुन्हा उभारी आली तेव्हा पुढे होत्या मुख्यतः स्त्रिया. नाना एक्वतिमिश्विली आणि सिमॉन ग्रोस यांचा 'दीर्घ उजळ दिवस' (२०१३) १९९२ च्या त्बिलिसीत घडतो. पावाच्या रांगेतून भर दिवसा चौदा वर्षांच्या नातियाला पळवून नेतात आणि मोठी माणसं बघत राहतात. पुढे लग्नाचं टेबल मांडलं जातं आणि तिची 'एका' नावाची मैत्रीण उठून नाचते. एकही शब्द नाही, कॅमेरा तिला सोडत नाही. तो नाच आनंदाचा नाही, आणि टेबलाशी बसलेल्यांपैकी कुणालाही तो नीट बघवत नाही.

याच जोडीचा 'माझं सुखी कुटुंब' (२०१७) मराठी घरात सगळ्यांनी मिळून बघावा असा आहे. मानाना बावन्न वर्षांची शिक्षिका. आईवडील, नवरा, मुलं, जावई एकाच फ्लॅटमध्ये. तिच्या वाढदिवसाला तिला नको असताना पाहुणे बोलावले जातात, गाणी होतात, तिच्या नावाने पेले उंचावतात. ती उठते आणि वेगळं राहायला जाते. कारण सांगत नाही. सगळं गणगोत कारण विचारत राहतं. तिच्या भाड्याच्या खोलीत ती एकटी बसते, खिडकी उघडी, बाहेर झाडं. इथवर तुम्ही इतकी भरलेली टेबलं पाहिलेली असतात की ही एकटी खुर्ची पाहून छातीत काहीतरी सैल होतं.

देआ कुलुम्बेगाश्विलीचा 'आरंभ' (२०२०) आणि व्हेनिसमध्ये विशेष पारितोषिक मिळालेला 'एप्रिल' (२०२४) हे थोर सिनेमे आहेत, पण स्त्रीवरची हिंसा त्यांत आडपडदा न ठेवता येते. मन तयार असेल तेव्हाच, आणि शक्यतो कुणाच्या सोबतीने पाहा. गिओर्गी ओवाश्विलीचा 'मक्याचं बेट' (२०१४) त्यामानाने शांत. जॉर्जिया आणि फुटून निघालेला अबखाझिया यांच्या सीमेवरच्या एन्गुरी नदीच्या मध्ये गाळाचं बेट वर येतं, म्हातारा आणि त्याची नात तिथे मका पेरतात, दोन्ही काठांवर बंदुका. संवाद मोजकेच, म्हणून आवाज मोठा ठेवा आणि पाणी ऐका.

शेवटचा सिनेमा

अलेक्सांद्रे कोबेरिद्झेचा 'आकाशाकडे बघताना आपल्याला काय दिसतं?' (२०२१) शेवटी ठेवा. कुताइसीत औषधांच्या दुकानातली लिझा आणि फुटबॉल खेळणारा गिओर्गी रस्त्यात एकमेकांना धडकतात, दुसऱ्या दिवशी भेटायचं ठरवतात, आणि शापामुळे रातोरात दोघांचे चेहरे बदलतात. दोघं एकाच चौकात रोज जवळून जातात आणि ओळखत नाहीत. मधल्या वेळात शहर फुटबॉलचा विश्वचषक बघतं. कुत्र्यांचेही आवडते अड्डे ठरलेले आहेत. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत पाहू नका, मोठा पडदा नाही मिळाला तर निदान खोलीतला दिवा मालवा.

चेहरे बदलण्याआधी निवेदक प्रेक्षकांना सांगतो: पहिला इशारा वाजला की डोळे मिटा, दुसरा वाजला की उघडा. पडद्यावरही तशी अक्षरं येतात. खरोखर मिटा. शेजारच्याने मिटलेत की नाही हेही बघू नका.